समानधर्म्यांचा शोध : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील लेखकपरिचयाची परंपरा

१. उद्दिष्टे

ह्या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास –
• ‘शोध’, ‘परिचय’, ‘शिफारस’ आणि ‘समीक्षा’ ह्या संज्ञांतील फरक सांगता येईल.
• मराठी ख्रिस्ती लेखकांनी आपल्या सहलेखकांना वाचकांपर्यंत कोणकोणत्या मार्गांनी पोहोचवले, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• लेखकपरिचयातील गुण व दोष ओळखता येतील.
• आपल्या परिसरातील एखाद्या अल्पपरिचित लेखकाचा परिचयलेख लिहिता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वाङ्मयेतिहासाचा अभ्यास करताना आपण बहुधा लेखक आणि त्याचा ग्रंथ ह्या दोहोंकडेच लक्ष देतो. परंतु ग्रंथ लिहिला गेला म्हणजे तो वाचला जातोच असे नाही. लेखक आणि वाचक ह्यांच्यामध्ये आणखी एक व्यक्ती उभी असते. ‘हे पुस्तक वाचा, हा लेखक आपल्या उपयोगाचा आहे’ असे सांगणारी ही व्यक्ती संपादक असेल, शिक्षक असेल, भाषांतरकार असेल, किंवा स्वतः लेखकच असेल. तिचे काम वाङ्मयेतिहासात सहसा नोंदले जात नाही. मात्र ते झाले नाही, तर चांगला ग्रंथही एका पिढीत विस्मरणात जाऊ शकतो.

मोठ्या वाचकवर्गाच्या वाङ्मयात ही उणीव बाजारपेठ, पुरस्कार आणि अभ्यासक्रम काही प्रमाणात भरून काढतात. अल्पसंख्य समाजाच्या वाङ्मयाला ती सोय नसते. तेथे एका लेखकाने दुसऱ्याची ओळख करून देणे हे सौजन्य राहत नाही. त्या वाङ्मयाच्या टिकून राहण्याचाच तो आधार होतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मय हे ह्याचे बोलके उदाहरण आहे. म्हणून प्रस्तुत घटकात त्या वाङ्मयाचा समग्र इतिहास न पाहता, त्यातील ‘ओळख करून देण्याच्या’ परंपरेचा तेवढा विचार केला आहे.

घटकाच्या शीर्षकात ‘समानधर्मी’ हा शब्द योजला आहे. भवभूतीने ‘मालतीमाधव’ ह्या नाटकाच्या प्रस्तावनेत, आपल्या कृतीची योग्यता जाणणारा समानधर्मा कधीतरी, कोठेतरी जन्माला येईल, अशी आशा व्यक्त केली आहे. तेथे ‘धर्म’ म्हणजे स्वभाव, वृत्ती. मराठीत मात्र ‘समानधर्मी’ म्हणजे ‘एकाच धर्माचे अनुयायी’ असाही अर्थ होतो. आपण ज्या परंपरेचा अभ्यास करणार आहोत, तिच्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांशेजारी नांदतात, आणि कधीकधी एकमेकांशी झगडतातही. स्वधर्मीय लेखकाची शिफारस करावी, की समवृत्तीच्या लेखकाची? हा प्रश्न संपूर्ण घटकभर मनाशी ठेवावा.

३. विषयविवेचन

३.१ संज्ञांचा उलगडा

‘शोध’ म्हणजे वाचकांना ठाऊक नसलेला लेखक किंवा ग्रंथ हुडकून काढणे. तो हस्तलिखितांच्या संग्रहात लागतो, तसाच जुन्या मासिकाच्या अंकात किंवा शेजारच्या घरातही लागू शकतो. ‘परिचय’ म्हणजे सापडलेल्या लेखनाचे स्वरूप वाचकाला समजेल अशा रीतीने मांडणे. ‘शिफारस’ ही परिचयाच्या पुढची पायरी आहे. तिच्यात ‘हे आपण वाचावे’ असा स्पष्ट सल्ला असतो, आणि म्हणून सल्ला देणाऱ्याची जबाबदारीही असते. ‘समीक्षा’ ग्रंथाचे मूल्य ठरवते. समीक्षेचा वाचक बहुधा ग्रंथ वाचून आलेला असतो, तर परिचयाच्या वाचकाने तो अद्याप पाहिलेलाही नसतो. म्हणूनच परिचयाला समीक्षेइतक्या शास्त्रीय परिभाषेची आवश्यकता नसते. विश्वासार्हतेची मात्र तितकीच असते.

३.२ हरवलेल्या ग्रंथाचा शोध : ‘ख्रिस्तपुराण’

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानला जातो, तो ग्रंथच मुळात वाचकांच्या मागणीतून जन्मला आणि पुढे शोधकांमुळे टिकला. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. साष्टी भागात राहून ते मराठी व कोकणी शिकले. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची पूर्वीची पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी वाचण्या-ऐकण्यासाठी एखादे पुराण द्यावे, अशी विनंती लोकांकडून झाल्याचा प्रसंग ग्रंथातच आला आहे. त्या गरजेतून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध झाले. त्याची पहिली आवृत्ती १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापली गेली. नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

ह्या तीन आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. छापील ग्रंथ तीनदा निघूनही सर्वस्वी नाहीसा झाला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, तेव्हा अशा ग्रंथांना राजाश्रय उरण्याची शक्यताच नव्हती. ग्रंथ वाचला तो हाताने नकलून घेणाऱ्या सामान्य श्रद्धाळूंमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे कानडा प्रांतात स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला जपल्या आणि वाचनाची प्रथा चालू ठेवली. त्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ एल. सालढाणा ह्यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापून प्रसिद्ध केला. तोही रोमन लिपीतच होता.

पुढील टप्पा लंडनमध्ये घडला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट ह्यांना तेथील ‘मार्सडन संग्रहात’ ह्या पुराणाची देवनागरी लिपीतील हस्तलिखित प्रत आढळली आणि १९२० च्या दशकात त्यांनी तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यानंतर १९५६ मध्ये शांताराम बंडेलू ह्यांनी देवनागरीत आवृत्ती सिद्ध केली. सर्वसामान्य मराठी वाचकाला हा ग्रंथ आपल्या लिपीत वाचता आला तो ह्या आवृत्तीमुळे. २००९ मध्ये फादर नेल्सन फाल्काव ह्यांनी आधुनिक मराठी गद्य भाषांतरासह ग्रंथ प्रसिद्ध केला.

ह्या क्रमाकडे बारकाईने पाहावे. नकलणारे कोकण-कानडातील कॅथलिक, छापणारे मंगळूरचे सालढाणा, देवनागरी प्रत दाखवून देणारे प्रॉटेस्टंट ॲबट, ती लिपी मराठी वाचकाच्या हाती देणारे बंडेलू आणि भाषेचा अडसर दूर करणारे फाल्काव. एका ग्रंथाचा वाचकांपर्यंतचा प्रवास सुमारे चारशे वर्षांचा आहे आणि तो एका पंथाच्या किंवा एका समाजाच्या बळावर झालेला नाही. प्रत्येकाने आपल्या आधीच्याने राखलेले पुढच्याच्या स्वाधीन केले. शोधाचे कार्य एका व्यक्तीचे नसते, ते साखळीचे असते, हे ह्यावरून ध्यानात येते.

३.३ नियतकालिक : परिचयाचे नित्याचे व्यासपीठ

हस्तलिखिताचा शोध क्वचित लागतो. परंतु जिवंत लेखकाचा शोध सतत घ्यावा लागतो, आणि ते काम नियतकालिके करतात. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. धर्मचर्चा हा त्याचा मुख्य हेतू होता, तरी ज्ञानविषयक लेख, वृत्ते आणि वादविवाद ह्यांनाही त्यात स्थान होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नव्याने लिहू लागलेल्या देशी ख्रिस्ती लेखकांना त्यात लेखनाची संधी मिळाली.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. बेळगावच्या ह्या लेखकाने १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. विधवांच्या स्थितीवरील त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते ग्रंथकार होते आणि संपादकही होते. ‘सत्यदीपिका’सारखे मासिक त्यांनी चालवले, ‘ज्ञानोदया’च्या संपादनातही त्यांचा सहभाग होता. ग्रंथकाराने संपादकाच्या खुर्चीत बसणे म्हणजे स्वतःच्या लेखणीबरोबर इतरांच्या लेखण्यांचीही काळजी वाहणे.

‘यमुनापर्यटन’च्या वाट्याला आलेली उपेक्षा मात्र उद्बोधक आहे. धर्मप्रसाराचे पुस्तक असा शिक्का बसल्याने ते फार काळ वाङ्मयाच्या मुख्य फडताळाबाहेर राहिले. पुढे वाङ्मयेतिहासकारांनी मराठी कादंबरीच्या उगमाचा शोध घेताना त्याची दखल घेतली, आणि आज मराठीतील आरंभीची सामाजिक कादंबरी म्हणून ते अभ्यासले जाते. पुस्तकात एका अक्षराचाही बदल झाला नव्हता. बदलली ती त्याची ओळख करून देण्याची रीत. ग्रंथाला लावलेली चिठ्ठी वाचकाला आत येऊ देते किंवा दारातूनच परत पाठवते.

कॅथलिक समाजात हेच काम ‘निरोप्या’ ह्या मासिकाने केले. १९०३ मध्ये जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग ह्यांनी ते सुरू केले. वसई परिसरातील ‘सुवार्ता’ हे मासिक पुढील काळातील. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) ह्यांच्या दीर्घ संपादनकाळात त्याचा आवाका धर्मवार्तेपुरता उरला नाही. पर्यावरण, समाजजीवन आणि साहित्य ह्या विषयांवरील लेखनामुळे ख्रिस्तीतर मराठी वाचकही त्याच्याशी जोडला गेला. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो ह्यांना मिळाले. निवडीच्या वेळी त्यांच्या धर्मगुरुपदावरून आक्षेपही घेतले गेले. ‘निरोप्या’, ‘सुवार्ता’ आणि ‘ज्ञानोदय’ ही नावे पाहिली तरी निरोप पोहोचवणे, चांगली वार्ता सांगणे आणि ज्ञान उजेडात आणणे, ही परिचयकाराचीच कामे त्यांतून सूचित होतात.

३.४ टिळकांचे घर : समान धर्म की समान वृत्ती?

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९१२ पासून अखेरपर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. अभंग, भजन, कीर्तन हे देशी प्रकार त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांची. १९०७ मध्ये जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावच्या ह्या कोवळ्या वयाच्या कवीने तेथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ह्यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. टिळक त्या संमेलनात होते. पुढे त्यांनी ह्या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी आणून ठेवले. बालकवी त्या घरात मुलासारखे वावरले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि टिळकांच्या स्नेहाला त्यामुळे बाधही आला नाही. निसर्गावर आणि मुलांफुलांवर प्रेम करणारा एक कवी दुसऱ्या कवीला ओळखत होता. भवभूतीच्या अर्थाने हे दोघे समानधर्मी होते.

दुसरी गोष्ट घरातल्याच लेखिकेची. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांचे रीतसर शालेय शिक्षण झाले नव्हते. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे चरित्र लिहावयाचे, ह्या हेतूने मुलगा देवदत्त ह्याने आईकडे आठवणी मागितल्या. साधनसामग्री म्हणून मागितलेल्या ह्या आठवणींतून ‘स्मृतिचित्रे’ हा स्वतंत्र ग्रंथ साकार झाला. तो १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. चरित्रनायक पती होता. वाचकांनी मनात जपली ती सांगणारी पत्नी. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक ह्यांनी ह्या ग्रंथाच्या साक्षेपी संपादनासाठी परिश्रम घेतले.

येथे शोध कशाचा लागला? ग्रंथ अस्तित्वात नव्हता, तरी लेखिका होती. कोणीतरी ‘तू सांग, मला ते हवे आहे’ असे म्हणण्याचा अवकाश होता. लेखकपरिचयाचा हा सर्वांत मूलभूत प्रकार आहे. ज्याला स्वतःतील लेखकाची ओळख नाही, त्याची त्यालाच ओळख करून देणे, हा तो प्रकार होय.

३.५ गीतसंग्रह, संमेलन आणि भाषांतर

परिचयाची आणखी तीन साधने थोडक्यात पाहू.

(अ) गीतसंग्रह : मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ हा गीतसंग्रह वापरला जातो. कृष्णराव सांगळे, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक अशा कवींच्या रचना त्यातून पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेल्या. पुस्तक विकत न घेणाऱ्या कुटुंबांपर्यंतही कविता पोहोचवण्याचे सामर्थ्य ह्या साधनात आहे. त्याची मर्यादा अशी, की गाणे ओठांवर राहते आणि कवी विस्मरणात जातो. गायकाला गीताची पहिली ओळ पाठ असते, परंतु तळाशी छापलेले नाव त्याने वाचलेले असेलच असे नाही.

(आ) संमेलन : मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनांनी विखुरलेल्या लेखकांना एकत्र आणले. १९३३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अशा संमेलनाच्या अध्यक्षा लक्ष्मीबाई टिळक होत्या. संमेलनात लेखक केवळ वाचकांना भेटत नाही. तो दुसऱ्या लेखकालाही भेटतो. नगरच्या प्रॉटेस्टंट लेखकाला वसईचा कॅथलिक लेखक ठाऊक नसणे ही ह्या वाङ्मयातील जुनी अडचण आहे. पंथ वेगळे, मासिके वेगळी, बोलीही वेगळ्या. संमेलनासारखे व्यासपीठ हे अंतर कमी करते.

(इ) भाषांतर : निकोल मॅक्निकल ह्यांनी १९१९ मध्ये मराठी संतांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. जस्टिन ॲबट ह्यांनी निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला सिद्ध केली. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई ह्यांची ओळख अनेक परदेशी वाचकांना तिच्यातून झाली. स्वतः ख्रिस्ती धर्मोपदेशक असलेल्या व्यक्तींनी वारकरी संतांची शिफारस जगाला करावी, ही घटना ‘समानधर्मी’ ह्या शब्दाचा व्यापक अर्थ पुन्हा एकदा दाखवते. उलट दिशेने, जे. सी. विन्स्लो ह्यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, आणि ‘स्मृतिचित्रे’ जोसेफिन इंकस्टर व पुढे शांता गोखले ह्यांच्या भाषांतरांमुळे मराठीबाहेर गेली.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
योग्य शब्द लिहून वाक्ये पूर्ण करा.
(१) ‘ख्रिस्तपुराणा’ची पहिली आवृत्ती ______ लिपीत छापली गेली.
(२) ‘ज्ञानोदय’ ______ येथे सुरू झाले.
(३) ‘अरुणोदय’ हे ______ ह्यांचे आत्मचरित्र आहे.
(४) १९३३ च्या नागपूर येथील ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा ______ होत्या.

३.६ परिचयातील धोके

ओळख करून देणे हे सत्कार्य असले, तरी ते निर्धोक नाही. पुढील चार दोष विशेषत्वाने आढळतात.

पहिला दोष परस्परस्तुतीचा. उंटाच्या लग्नात गाढव गायला गेले. एकाने दुसऱ्याच्या रूपाची आणि दुसऱ्याने पहिल्याच्या आवाजाची वाहवा केली, ही कथा आपणास परिचित आहे. लहान समाजात सर्वच एकमेकांना ओळखतात. आज ज्याच्या पुस्तकाचा परिचय लिहावयाचा, तोच उद्या आपल्या पुस्तकाचा परिचय लिहिणार असतो. अशा वेळी लेखणी मऊ होते. वाचक मात्र दोनदा फसला की तिसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही, आणि त्याची शिक्षा पुढे येणाऱ्या चांगल्या पुस्तकाला भोगावी लागते.

दुसरा दोष कुंपणाचा. ‘आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी’ एवढीच परिचयाची कक्षा राहिली, तर वाङ्मय समाजाच्या आतच फिरत राहते. कुंपण बाहेरूनही घातले जाते. ‘ख्रिस्ती साहित्य’ अशी पाटी दिसताच ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजून पुढे जाणारा वाचक ‘यमुनापर्यटन’पाशी थांबत नाही. म्हणून परिचयकाराला आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही वाचकांशी बोलता आले पाहिजे.

तिसरा दोष श्रद्धेलाच गुणवत्ता मानण्याचा. लेखकाची भक्ती खरी आहे, म्हणून त्याची कविता चांगली आहे, असे अनुमान निघत नाही. त्याचप्रमाणे विषय धार्मिक आहे म्हणून लेखन प्रचारकीच असणार, हेही अनुमान चुकीचे आहे. दोन्ही ठिकाणी ग्रंथ न वाचताच निर्णय दिलेला असतो.

चौथा दोष ठरावीक नावांचा. स्टीफन्स, पदमनजी आणि टिळक ही नावे घेतली की कर्तव्य संपले, असे अनेकांना वाटते. ज्यांची ओळख आधीच झालेली आहे, त्यांचीच ओळख पुन्हा पुन्हा करून देणे सोपे असते. खरा परिचयकार प्रसिद्ध नावाचा हात धरून वाचकाला अप्रसिद्ध नावापर्यंत नेतो. उदाहरणार्थ, ‘ख्रिस्तपुराण’ आवडलेल्या वाचकाला त्याच परंपरेतील एतियेन द ला क्रुआ ह्या फ्रेंच जेझुइटाचे संत पीटरवरील सतराव्या शतकातील पुराण दाखवता येते.

३.७ परिचयलेख कसा लिहावा?

प्रथम एक सदोष नमुना पाहू. हा नमुना कल्पित आहे.

‘सदर कवी हे आमच्या समाजाचे भूषण आहेत. त्यांचा प्रस्तुत संग्रह अत्यंत वाचनीय असून त्यातील प्रत्येक कविता हृदयाला भिडते. प्रत्येकाने हा संग्रह संग्रही ठेवावा.’

ह्या तीन वाक्यांत कवितेविषयी एकही माहिती नाही. कवीचे नाव बदलून हाच मजकूर कोणत्याही संग्रहाला लावता येईल. जो परिचय सर्वांना लागू पडतो, तो कोणाचाच परिचय नसतो.

आता दुसरा नमुना पाहावा.

‘लक्ष्मीबाई टिळकांचे “स्मृतिचित्रे” हे धर्मांतराची कथा सांगणारे पुस्तक आहे, असे ऐकून कोणी दूर राहत असेल, तर त्याने पहिले काही प्रकरणे अवश्य वाचावीत. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाने घराची होणारी तारांबळ लेखिका ज्या मिश्कीलपणे सांगते, तो मिश्कीलपणा पुढे पतीच्या लहरींचे, धर्मांतरानंतरच्या दुराव्याचे आणि दारिद्र्याचे वर्णन करतानाही तिला सोडत नाही. वाक्ये छोटी, बोलल्यासारखी. कोणावर राग नाही, स्वतःची कीव नाही. सनावळ्या शोधणाऱ्या अभ्यासकाला मात्र इतर साधनांची जोड घ्यावी लागेल. हा आठवणींचा ग्रंथ आहे, बखर नव्हे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणत्याही वाचकाला ह्यातील माणसे ओळखीची वाटतील.’

ह्या नमुन्यात पाच गोष्टी साधल्या आहेत : (१) वाचकाच्या मनातील पूर्वग्रह ओळखून त्याला थेट उत्तर दिले आहे. (२) पुस्तकातील ठोस आशय सांगितला आहे. (३) भाषेचे वैशिष्ट्य नोंदवले आहे. (४) मर्यादा लपवलेली नाही. (५) पुस्तक कोणाला आवडेल, हे स्पष्ट केले आहे. ह्यांत सहावी गोष्ट जोडावी : लेखक आपला नातलग, मित्र किंवा सहकारी असेल, तर तसे आरंभीच सांगावे. ओळख लपवल्याने शंका वाढते. सांगितल्याने परिचयाचे वजन कमी होत नाही.

मर्यादा सांगण्याविषयी नवोदित परिचयकारांना संकोच वाटतो. ‘आधीच वाचक थोडे, त्यांत उणीव दाखवली तर उरलेलेही जातील,’ अशी भीती असते. वस्तुतः मर्यादेचा एक प्रामाणिक उल्लेख स्तुतीच्या इतर वाक्यांना विश्वासार्ह करतो. शिवाय लेखकाचाही तो सन्मानच आहे. ज्याचे लेखन गंभीरपणे वाचण्याच्या योग्यतेचे आहे, त्याच्याच उणिवा कोणी दाखवण्याचे कष्ट घेतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(१) परिचय आणि समीक्षा ह्यांच्या वाचकांत मुख्य फरक कोणता?
(२) परिचयातील ‘कुंपणाचा दोष’ म्हणजे काय?

४. सारांश

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा लेखकांनी निर्माण केली आणि ओळख करून देणाऱ्यांनी टिकवली. ‘ख्रिस्तपुराण’ नकलकार, संपादक आणि शोधक ह्यांच्या साखळीमुळे वाचले. ‘ज्ञानोदय’, ‘निरोप्या’ आणि ‘सुवार्ता’ ह्या नियतकालिकांनी लेखकांना व्यासपीठ दिले. टिळकांच्या घराने एका ख्रिस्तीतर कवीला आसरा दिला आणि घरातील स्त्रीला लेखिका होऊ दिले. भाषांतरकारांनी दोन्ही दिशांनी पूल बांधले. ह्या परंपरेचे सामर्थ्य तिच्या मोकळेपणात आहे. ती जेव्हा समान श्रद्धेबरोबर समान वृत्तीचाही शोध घेते, तेव्हा तिचा लाभ त्या समाजाला आणि सबंध मराठी वाङ्मयाला होतो. परस्परस्तुती, कुंपण, श्रद्धेलाच गुणवत्ता मानणे आणि ठरावीक नावांतच रमणे हे तिच्यासमोरील धोके आहेत.

आपण दूरशिक्षणाचे विद्यार्थी आहात. नोकरी, शेती, घरकाम सांभाळून वाचणाऱ्या माणसाचा वेळ किती मोलाचा असतो, हे आपणास कोणी सांगावयास नको. त्या वेळात कोणते पुस्तक हाती घ्यावे, हे दुसऱ्याला प्रामाणिकपणे सांगणे ही मोठी वाङ्मयसेवा आहे. तिच्यासाठी स्वतः ग्रंथकार असणे आवश्यक नाही. काळजीपूर्वक वाचलेले असणे मात्र आवश्यक आहे.

५. पारिभाषिक शब्द

समानधर्मी : समान वृत्तीचा, तसेच, एकाच धर्माचा.
साक्षेपी संपादन : उपलब्ध पाठांची काळजीपूर्वक तुलना करून केलेले संपादन.
ओवी : मराठीतील प्राचीन छंद, पुराणकथनासाठी विशेष वापरला जाणारा.
नवख्रिस्ती : नव्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेली व्यक्ती.
बाप्तिस्मा : ख्रिस्ती धर्मात प्रवेश करण्याचा जलसंस्कार.

६. स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) रोमन (२) अहमदनगर (३) बाबा पदमनजी (४) लक्ष्मीबाई टिळक
प्रश्न २ : (१) समीक्षेच्या वाचकाने ग्रंथ बहुधा वाचलेला असतो, परिचयाच्या वाचकाने तो अद्याप पाहिलेलाही नसतो. (२) वाङ्मयाची ओळख एका समाजापुरती मर्यादित ठेवणे, किंवा बाहेरच्या वाचकाने केवळ पाटी पाहून ते टाळणे.

७. सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘ख्रिस्तपुराण’ ह्या ग्रंथाचा वाचकांपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने स्पष्ट करा.
(२) ‘समानधर्मी’ ह्या शब्दाचे दोन अर्थ सांगून, टिळक आणि बालकवी ह्यांच्या संबंधांच्या आधारे त्यांचे विवेचन करा.
(३) ‘जो परिचय सर्वांना लागू पडतो, तो कोणाचाच परिचय नसतो.’ ह्या विधानाची चर्चा करा.

८. क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा तालुक्यातील वाचनालयात जा. गेल्या काही वर्षांत फारसे कोणी न नेलेले एक मराठी पुस्तक ग्रंथपालांच्या मदतीने निवडा. ते कोणत्याही धर्माच्या, जातीच्या वा पंथाच्या लेखकाचे असू शकेल. ते पूर्ण वाचा आणि ३.७ मधील सहा गोष्टी ध्यानात ठेवून सुमारे दोनशे शब्दांत त्याचा परिचय लिहा. तो आपल्या अभ्यासकेंद्रातील एका सहाध्यायाला वाचावयास द्या. त्याने ते पुस्तक वाचावयास घेतले की नाही आणि का, ह्याची नोंद परिचयाखाली करा.